क्रिमियाच्या डोंगरात तगलेले गॉथ

गॉथ या प्राचीन जर्मानिक, म्हणजे जर्मन भाषाकुळातल्या, लोकांचा इतिहास साधारणपणे इ.स. ७११ मध्ये, स्पेनमधल्या त्यांच्या राज्याच्या पाडावाबरोबर संपवला जातो. इटलीतली त्यांची सत्ता त्याआधीच, सहाव्या शतकात, बायझंटाईन सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने मोडली होती. पण त्यांची एक शाखा काळ्या समुद्राच्या उत्तरेला, क्रिमियाच्या नैर्ऋत्य डोंगरात, पुढे कित्येक शतके आपली बोली बोलत राहिली. या शाखेची उपेक्षाच झाली आहे.

गॉथ तिथे तिसऱ्या शतकात पोचले. पुढच्या शतकात हूणांच्या स्वारीने बहुतेक गॉथ पश्चिमेकडे रेटले गेले. काही मागेच राहिले. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस त्यांच्या मुलखाला ‘डोरी’ म्हणतो. तो सांगतो की हे लोक उत्तम शेतकरी आणि लढवय्ये होते, सम्राटाच्या मदतीला ३,००० माणसे उभी करत. तटबंदीत कोंडून राहणे त्यांना मानवत नसे, म्हणून जस्टिनियनने त्यांच्यासाठी किल्ले न बांधता खिंडींवर लांब भिंती घातल्या.

डोंगराने त्यांना आसरा दिला आणि चर्चने नाव राखले. ‘गॉथिया’ हा स्वतंत्र धर्मप्रांत होता. आठव्या शतकाच्या अखेरीस तिथला बिशप जॉन खझार या तुर्की वंशाच्या सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या उठावात सामील झाला. मंगुप या तिथल्या डोंगरी किल्ल्याच्या दगडांवर खरवडलेली गॉथिक लिपीतली वाक्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नवव्या शतकातली मानली जातात आणि त्यांत स्तोत्रांतल्या ओळीही आहेत. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबलच्या भाषांतरासाठी घडवलेली लिपी इथे इतक्या उशिरापर्यंत हातात होती, ही मला या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१२५३ मध्ये मंगोल दरबाराकडे निघालेला फ्रान्सिस्कन साधू विल्यम ऑफ रुब्रुक या किनाऱ्यावरच्या गॉथांची भाषा जर्मन वळणाची असल्याचे नोंदवतो. पंधराव्या शतकातला व्हेनिसचा व्यापारी जोसाफात बार्बारो तर आपला जर्मन नोकर त्यांच्याशी बोलत असे, असे लिहितो. १४७५ मध्ये उस्मानी फौजांनी प्रदीर्घ वेढ्यानंतर मंगुप जिंकले आणि तिथले थिओडोरोचे छोटे राज्य बुडाले.

बोलीचा सर्वांत मोठा पुरावा मात्र त्यानंतरचा आहे. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा राजदूत, फ्लेमिश (डचला जवळची) भाषा बोलणारा ओगिए दे बुसबेक याने १५६०च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये दोन क्रिमियावासीयांना बोलावून ऐंशीच्या आसपास शब्द आणि एक गाणे टिपून घेतले. एक जण वंशाने तिथला, पण भाषा विसरलेला. दुसरा ग्रीक, पण ती शिकलेला. शब्द मुख्यतः या दुसऱ्याकडून आले, तेव्हा यादीतले उच्चार जपूनच वाचावे लागतात. त्यातच बुसबेकचा कान फ्लेमिश, आणि छपाई १५८९ची. तरीही ‘हुस’ म्हणजे घर, ‘हांडा’ म्हणजे हात, ‘आडा’ म्हणजे अंडे, असे शब्द जर्मानिक नाते स्पष्ट दाखवतात. शंभर आणि हजार यांसाठी ‘सादा’ आणि ‘हाझेर’ हे इराणी शब्द आहेत. आपला ‘हजार’ फारसीतून आला, त्याचेच हे भावंड.

पुढे ही बोली नेमकी कशी आटली, याच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. तिचे बोलणारे हळूहळू ग्रीक आणि तातार समाजांत मिसळले. १७७८ मध्ये रशियाने क्रिमियातले ख्रिस्ती अझोव्हच्या किनाऱ्याकडे हलवले. त्यांचा धर्मगुरू इग्नातियस ‘गॉथिया आणि काफा’चा मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ बिशप) म्हणवत होता, पण त्याच्या कळपाची भाषा ग्रीक आणि तातारी होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी या गॉथांचा दाखला देऊन क्रिमियाला ‘गोटेनगाऊ’, म्हणजे गॉथांचा प्रांत, करण्याचे बेत आखले. ग्रीक आणि तातारांमध्ये विरघळलेल्या लोकांच्या नावाने त्याच तातारांची भूमी लाटण्याचा हा उद्योग इतिहासाचा सरळसरळ गैरवापर होता.