बांधकामाचं शिक्षण आणि विद्यार्थ्यांनी काढलेली संस्था

नव्या पदवीधराला भिंतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, सुबक काढता येतो, पण ती भिंत गवंडी ओळंबा धरून कशी चढवतो हे त्याने पाहिलेलं नसतं, अशी तक्रार आर्किटेक्टांच्या ऑफिसांत सर्रास ऐकू येते. यात व्यावसायिकांच्या संस्थेने लक्ष घालावं असं म्हटलं, की शिकवणं हे कॉलेजांचं काम, असं उत्तर मिळतं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या आर्किटेक्टांच्या देशव्यापी संस्थेच्या बाबतीत हे उत्तर टिकत नाही. ही संस्था सुरूच झाली ती विद्यार्थ्यांची संघटना म्हणून.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथे वास्तुकलेचं पद्धतशीर शिक्षण १८९६ मध्ये सुरू झालं, तेही ड्राफ्ट्समन तयार करणारा वर्ग म्हणून. सरकारी बांधकामांना नकाशे काढून देणारे हात हवे होते. इमारत कशी असावी हे ठरवणारा माणूस बहुधा इंग्लंडहून यायचा. पाच वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आला तो १९१३ साली, प्राध्यापक रॉबर्ट केबल यांच्या काळात. हाताखाली काम करणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातली दरी तेव्हा कुठे बुजायला लागली.

१२ मे १९१७ रोजी जे. जे.च्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन स्थापन केली. अध्यक्ष झाले मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉर्ज विटेट आणि उपाध्यक्ष केबल. या जोडीकडे जरा थांबून पाहायला हवं. विटेट यांच्या गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा मंजूर झालेला होता, आणि अपोलो बंदरावर समुद्र हटवून भराव घालण्याचं, धक्क्याची भिंत बांधण्याचं काम त्याच वर्षांत चालू होतं. वर पिवळसर बेसॉल्टचा दगड, जोडीला प्रबलित काँक्रीट, अशी ती इमारत पुढे १९२४ साली खुली झाली. म्हणजे संघटनेच्या डोक्यावर एक शिक्षक आणि ज्याच्या इमारतीसाठी समुद्रात भराव पडत होता असा एक व्यावसायिक, दोघे एकत्र बसले होते. संस्थेच्या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पुढची नावं भराभर बदलली. १९२२ मध्ये बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन, १९२५ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेशी संलग्नता, आणि २ सप्टेंबर १९२९ पासून आजचं नाव. शिक्षणाशी असलेलं नातं मात्र तुटलं नाही. क्लॉड बॅटली यांनी १९२३ ते १९४३ जे. जे.तल्या वास्तुकला विभागाची धुरा सांभाळली, आणि त्याच वेळी स्वतःचा व्यवसायही केला. जुन्या इमारतींची प्रत्यक्ष मापं घेऊन नकाशे काढावेत, हा त्यांचा विद्यार्थ्यांपाशी आग्रह असे. मापं घेताना दगड कुठे जोडलाय, तुळई कशावर टेकलीय, हे आपोआप कळतं. बांधकाम शिकवण्याची याहून स्वस्त आणि चांगली पद्धत आजही नाही.

तो काळ साहित्य बदलण्याचाही होता. चुना आणि घडीव दगड मागे पडत होते, सिमेंट आणि सळ्या पुढे येत होत्या. बॅकबे, दादर, माटुंगा इथे काँक्रीटच्या चौकटीवर नव्या, चाळीसारख्या नसलेल्या, स्वतंत्र फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या घडवणाऱ्यांत ग. बा. म्हात्रे यांच्यासारखे जे. जे.त शिकलेले लोक होते. १९३४ मध्ये संस्थेचं नियतकालिक निघालं. १९३७ साली संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं आणि नवी घरं, नवं साहित्य सामान्य लोकांपुढे मांडलं. संस्थेची स्वतःची परीक्षाही होती. ऑफिसात नोकरी करत करत ती देऊन सभासद होता येई, आणि हे सभासदत्व पुढे कायद्यानेही पात्रता म्हणून मानलं.

तो कायदा म्हणजे १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट. तो व्हावा यासाठी खासदार आणि स्वतः आर्किटेक्ट असलेल्या पिलू मोदी यांनी जोर लावला होता. नोंदणी आणि शिक्षणाचा दर्जा या दोन्ही गोष्टी नव्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गेल्या. कायदा हवाच होता, त्याशिवाय कुणीही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवलं असतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की शिक्षण ही आता कौन्सिलची आणि कॉलेजांची बाब, असं संस्थेतल्या पुष्कळांनी धरून चाललं. कौन्सिलने १९८३ मध्ये किमान निकष ठरवले, २०२० मध्ये ते नव्याने लिहिले. देशात कॉलेजं ४०० च्या वर गेली. एवढ्या वर्गांना साइटचा अनुभव असलेले शिक्षक आणायचे कुठून, हा प्रश्न निकषांनी सुटण्यासारखा नव्हता.

बांधकामाचं ज्ञान तोकडं पडलं की काय होतं, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत पाहिलं. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, म्हणून थर सुटले, फुगले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. वाचलेल्या घरांच्या भिंतींना असे आरपार दुवे बसवून ती मजबूत करता येतात, हे नंतर दाखवलं गेलं. इतकी साधी गोष्ट वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी हाताने करून पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

असं हाताने शिकवण्याची ठिकाणं देशात झाली, पण बहुतेक संस्थेच्या बाहेर. केरळात कोल्लमला १९८५ च्या सुमारास स्वस्त घरबांधणी शिकवणारं निर्मिती केंद्र निघालं. ऑरोव्हिलमध्ये मातीच्या बांधकामाचे वर्ग चालतात. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये हुन्नरशाला उभी राहिली. तिथे कारागीर शिकतात आणि आर्किटेक्ट त्यांच्याकडून शिकतात.

कायद्याचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे. कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या आर्किटेक्चर कॉलेजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने वास्तुकलेच्या शिक्षणावर तंत्रशिक्षण परिषदेचा नव्हे, १९७२ च्या कायद्याचा अंमल चालेल हे ठरलं. याच कायद्यानुसार कौन्सिलवर पाच सभासद इन्स्टिट्यूट निवडून पाठवते. अभ्यासक्रमाबद्दल बोलण्याची जागा तिला पहिल्या दिवसापासून आहे. प्रश्न आहे तो त्या निवडणुकीत उमेदवाराला बांधकामाच्या शिक्षणाबद्दल कुणी विचारतं का, एवढाच.

संस्थेने बांधकामाच्या शिक्षणाकडे पुन्हा वळण्याची सुरुवात तिथून व्हावी. दुसरं काम संस्थेच्या महाराष्ट्रातल्या सेंटरांचं, म्हणजे स्थानिक शाखांचं. गावोगावच्या सभासदांकडे साइट्स चालू असतात, आणि जवळपास कॉलेजही असतं. सभासदाने एक साइट दोन-तीन विद्यार्थ्यांना खुली करावी, आणि त्यांना पाया खोदण्यापासून स्लॅबचं क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट घट्ट होऊ देणं, संपेपर्यंत तिथे येऊ द्यावं. त्या साइटवरच्या मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसे संस्थेने द्यावेत.