आशा ‘स्वयंसेविका’ कशा झाल्या?

गावोगावी घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या आशांचा संप सुरू झाला की बातम्यांत मानधन, मोबदला आणि वेतन हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. मानधन म्हणजे मान राखण्यापुरती ठरीव रक्कम. मोबदला कामागणिक मिळतो. वेतन म्हटलं की मालक कोण, हा प्रश्न येतो आणि त्यामागोमाग किमान वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन. भांडण या तिसऱ्या शब्दाचं आहे आणि ते आशा योजनेपेक्षा बरंच जुनं आहे.

प्रतिबंध आणि उपचार एकत्र हवेत, हे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कथा इथे सांगत नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर होती. केंद्र बाजाराच्या गावी आणि गरोदर बाई वस्तीवर, मधलं अंतर चालायचं कुणी? १९७० पासून जामखेड परिसरात गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून याचं एक उत्तर मिळालं होतं.

सरकारने तेच उत्तर २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर नेलं, आपल्या पद्धतीने. नेमणुका बहुतांश पुरुषांच्या झाल्या. तीन महिने प्रशिक्षण आणि नंतर महिना ५० रुपये. सुरुवातीला या माणसाचं नाव होतं ‘आरोग्य कार्यकर्ता’. १९८० मध्ये तो ‘आरोग्य स्वयंसेवक’ झाला आणि १९८१ मध्ये ‘आरोग्य मार्गदर्शक’. काम फारसं बदललं नाही, पाटी तेवढी बदलत गेली. ही हौस नव्हती. कार्यकर्ता म्हटला की तो पगार मागतो. मार्गदर्शकांनीही पुढे नोकरीत कायम करण्याची मागणी केलीच, प्रकरणं कोर्टात गेली. २००२ मध्ये केंद्राने योजनेतून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी छत्तीसगडमध्ये ‘मितानिन’ या गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या उभ्या राहत होत्या.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. शक्यतो गावची सून, कारण लेक लग्न होऊन जाते. ‘आशा’ हे ‘ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट’चं संक्षिप्त रूप आणि त्यातलं शेवटचं अक्षर ‘ॲक्टिव्हिस्ट’चं, म्हणजे हक्कासाठी भांडणारी. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत तिची ‘स्वयंसेविका’ झाली, राजस्थानात ‘सहयोगिनी’, उत्तर प्रदेशात तर ‘आशा बहू’. भांडणारी बाई भाषांतरात कुठेच टिकली नाही.

पगार नको, असं म्हणणारे फक्त अर्थखात्यात होते असं मात्र नाही. जनआरोग्य चळवळीतही एक मत होतं की पगार घेतला की ती गावाची राहणार नाही, आरोग्य केंद्राच्या उतरंडीतली शेवटची पायरी होईल. युक्तिवाद प्रामाणिक होता. सरकारला तो स्वस्तात पडला, हेही खरं. प्रत्यक्षात पगार मिळाला नाही आणि शेवटची पायरी व्हायचं टळलंही नाही.

कामागणिक पैसे म्हणजे काय, ते नवजात बाळाच्या गृहभेटींत दिसतं. गडचिरोलीच्या ३९ गावांतल्या प्रयोगावरचा शोधनिबंध १९९९ मध्ये आला. गावातल्या बाईने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही दिलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. डॉक्टरमंडळींचा आक्षेप सुईवर होता. २०११ मध्ये हे काम देशभरच्या आशांकडे आलं तेव्हा सुई वगळून आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. बाळाला झोळीत घालून काट्याला लावायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, घड्याळाकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे, ६० किंवा जास्त भरले तर रुग्णालयात पाठवायचं. सहाही भेटी झाल्यावर २५० रुपये. तेही जन्मनोंद आणि लसी झाल्या असतील आणि बाळ-बाळंतीण ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असतील तर. पाच भेटी नीट देऊन सहाव्याआधी बाळ गेलं तर हिशेब काय, हे नियम वाचणाऱ्याने स्वतः ठरवावं.

२०१३ च्या राष्ट्रीय श्रम परिषदेने सरकारी योजनांत अशा मानधनावर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली. कोविडच्या घरोघरच्या सर्वेक्षणासाठी केंद्राने महिना १००० रुपये जास्तीचे दिले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला होता. मानधन हेच त्यांचं वेतन, असं न्यायालयाने धरलं. आशांना त्यातलं काही लागू झालं नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२३ च्या संपानंतर ७००० रुपये वाढीचं आश्वासन मिळालं. शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप आणि मग आझाद मैदान. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ५००० मंजूर केले, नोव्हेंबर २०२३ पासून लागू. वाढ झाली ती मोबदल्यात.