बुडावरची अक्षरं

उचगावच्या शिवारात रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं हुडकायला मित्रानं मेटल डिटेक्टर आणला होता. पात्याआधी बांधालगत यंत्र वाजलं आणि वीतभर खालून हिरवट पितळी नळी निघाली. त्याचे वडील वाकले तसा मी ओरडलोच, "आबा, हात नका लावू!"

जुनं काडतूस गंजलं म्हणजे मेलं, असं धरून चालत नाही. तोंडाशी गोळी बसलेली असेल किंवा बुडातली टोपी (पिन आदळली की पेटणारी) गुळगुळीत असेल, तर ते जिवंतच समजायचं. घासायचं नाही, तापवायचं नाही, खिशात टाकायचं नाही. ११२ ला फोन करायचा. आमच्या पुंगळीचं तोंड मोकळं होतं आणि टोपीवर पिनेचा खोल खड्डा होता, म्हणजे बार उडालेला. तरीही ती पोलिसांना दाखवायचं ठरलं. विनापरवाना दारूगोळा बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

मित्राचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, त्यामुळं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर गाडीतच होता. लांबी ५६ मिलिमीटरच्या आसपास. आकार बाटलीसारखा, खांदा उतरून मान निमुळती होणारा. बुडाचा काठ बाहेर आलेला, साडेतेरा मिलिमीटरचा. एवढ्यावर ओळख पटली: थ्री नॉट थ्री रायफलीचं काडतूस. हा आकडा रायफलीच्या नळीच्या आतल्या व्यासाचा, ०.३०३ इंच म्हणजे ७.७ मिलिमीटर. गोळी त्याहून जराशी जाड, ७.९ मिलिमीटरची असते. नळीतल्या पिळदार खाचांत ती घट्ट रुतते, म्हणूनच गरगरत सरळ जाते.

खरी कुंडली बुडावर असते. ओल्या फडक्यानं माती टिपली (ब्रश आणि चिंच दोन्ही टाळा, अक्षरं जातात) आणि बॅटरीचा उजेड तिरपा मारला. 'के', बाण, 'एफ', खाली ४२ आणि ७. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. के-एफ म्हणजे खडकीचा कारखाना, १८६९ पासूनचा, आपल्या पुण्याजवळचा. ७ म्हणजे या काडतुसाचा १९१० साली आलेला सातवा नमुना. ४२ म्हणजे १९४२.

मानेवर एक उभी चीर होती. अशी चीर बार उडतानाही पडते, पण चीर म्हटली की मला घोड्यांच्या पागा आठवतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पागेत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. पितळेत साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पत्रा थंडच ओढून नळी केली की धातूत ताण अडकून राहतो. त्यात घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळेवर बसला की ताणाच्या जागी भेग पडते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी हे कोडं सोडवलं. उपाय साधा होता: नळी बेतानं तापवून ताण सोडवायचा. आपल्या पावसानं धातुशास्त्राला दिलेला हा धडा शाळेत शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आबांनी विचारलं, "मग बेचाळीसच्या चळवळीतली काय रं ही?"

तसं छातीठोक सांगता येत नाही. १९४२ ला ती तयार झाली, एवढंच बूड सांगतं. थ्री नॉट थ्री रायफली त्यानंतरही कित्येक दशकं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होत्या.