‘पहिला नंबर’ म्हणजे नेमका कुठला? नागपूरच्या दुकानांच्या वेबसाइटमागची पार्श्वभूमी

“पैसे भरून वर्ष झालं, आमची वेबसाइट गूगलवर अजून पहिल्या नंबरवर का नाही?” इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानापासून हिंगणा रोडवरच्या फॅब्रिकेशनच्या शेडपर्यंत हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. विचारणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मोबाइलवर त्याचं दुकान खरंच पाचवं दिसतं. वेबसाइट करून देणाऱ्याच्या लॅपटॉपवर तेच दुकान दुसरं असतं, आणि तोही खोटं बोलत नसतो. तरी भांडण होतं, करार मोडतो, आणि दुकानदार दुसऱ्या एजन्सीकडे जाऊन पुन्हा त्याच शब्दावर सही करतो. या एका शब्दापायी छोट्या व्यापाऱ्यांचे किती पैसे गेले ते जवळून पाहिलं आहे, म्हणून त्याची हकिगत जरा लांबवून सांगतो.

एकेकाळी ‘पहिला नंबर’ हा शब्द बऱ्यापैकी खरा होता. १९९८ मध्ये गूगल सुरू झालं तेव्हा क्रम ठरायचा तो पानावरच्या शब्दांवर आणि त्या पानाकडे येणाऱ्या लिंकांवर. शोधणारा सदरमध्ये बसला आहे की सक्करदऱ्यात, याने फारसं काही बिघडत नसे. त्यामुळे सुरुवातीच्या एजन्सींनी दोनच कामं धरली: पानात कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) कोंबणं आणि लिंका गोळा करणं. कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवून ठेवलेली शब्दांची यादी) आपण क्रम लावताना वापरतच नाही, असं गूगलने २००९ च्या सप्टेंबरमध्ये उघड सांगितलं. तरी तो टॅग आजही कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून येतो आणि त्याचे पैसे लावले जातात. लिंकांवर घाव पडला तो २४ एप्रिल २०१२ ला, गूगलच्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने. शेकडो डिरेक्टरी साइटवर नाव नोंदवून वर आलेल्या वेबसाइट खाली गेल्या. चूक दुरुस्त केली तरी लगेच सुटका नव्हती, पुढचा पेंग्विन येईपर्यंत वाट पाहावी लागे. २०१४ च्या ऑक्टोबरमधल्या फेरीनंतरची फेरी थेट २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आली. मध्ये दोन दिवाळ्या गेल्या. लिंका एजन्सीने विकत घेतल्या होत्या, धंदा बुडाला दुकानदाराचा.

मराठी मजकुराची अडचण याहून जुनी आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीच्या दुकानांत काम चालायचं ते कृतिदेव, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत. त्यातला मजकूर फॉन्ट काढून घेतला की निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी उरते. म्हणून माहितीपत्रकातलं मराठी वेबसाइटवर चढायचं ते चित्र होऊन. गिऱ्हाइकाला वाचता यायचं, गूगलला नाही. दुकानाच्या नावाखाली सुंदर मराठी असूनही त्या पानाला शोधाच्या दृष्टीने मजकूरच नव्हता.

युनिकोड रुळल्यावर दुसरा पेच उभा राहिला तो आपल्याच गावाच्या नावांचा. बोलताना आपण ‘बर्डी’ म्हणतो, मराठीत लिहिताना ‘सीताबर्डी’, आणि इंग्रजी पाटीवरून वाचून हिंदीत ‘सीताबुल्डी’ टाइप करणारेही पुष्कळ. इतवारीचं इतवारा होतं, महालाचा महल होतो. २०१९ च्या डिसेंबरमध्ये गूगलने वाक्याचा अर्थ ओळखणारी आपली नवी पद्धत मराठीसह सत्तरहून अधिक भाषांना लावली आणि शोधवाक्य समजून घेण्यात सुधारणा झाली. त्याआधी मात्र ज्याने पानावर कुठेतरी ‘बर्डी’ हा साधा शब्द सरळ वाक्यात लिहिला होता, त्याला त्याचा फायदा मिळून जाई. त्यासाठी कुठली युक्ती लागत नव्हती. आपल्या गिऱ्हाइकासारखं लिहावं लागत होतं, एवढंच.

आता गूगलच्या नकाशाकडे येतो, कारण खरा गुंता तिथे आहे. दुकानांची मोफत नोंदणी २००५ मध्ये ‘लोकल बिझनेस सेंटर’ म्हणून सुरू झाली. २०१० मध्ये तिचं नाव ‘प्लेसेस’ झालं, २०१२ मध्ये ती ‘गूगल प्लस’ला जोडली गेली, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बिझनेस प्रोफाइल’. एकाच कोटेशनमध्ये यातली तीन नावं तीन वेगळ्या कामांसारखी लिहिलेली मी पाहिली आहेत. आपला पत्ता सिद्ध करायला पोस्टाने कोड असलेलं कार्ड यायचं. आता ‘प्लॉट नंबर अमुक, अमुक ले-आउट, शाळेच्या मागे’ हा नागपूरचा पत्ता आपल्या पोस्टमनला समजतो, पण फॉर्ममधल्या रकान्यांत तो बसत नाही. नवीन ले-आउटमधल्या कित्येकांची कार्डं पोचलीच नाहीत. कुणी मग ओळखीच्या दुकानाचा पत्ता टाकला, आणि नकाशावरची खूण त्याच्याच दारात रोवली गेली. पुढे व्हिडिओ काढून पडताळणी होऊ लागली तेव्हा ही कटकट कमी झाली.

तरी नोंदणी हा सोपा भाग होता. ‘पहिल्या नंबर’च्या वादाचं खरं मूळ आहे २०१५ च्या ऑगस्टमध्ये.

तोपर्यंत ‘नागपूरमध्ये सोफा रिपेअर’ असं काही शोधलं की नकाशाशेजारी सात दुकानांची यादी यायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सातची तीन झाली. शिवाय त्या यादीतून पूर्ण पत्ता आणि फोन नंबरही काढून टाकला गेला, मोबाइलवर कॉलचं बटण तेवढं राहिलं. मोबाइलच्या स्क्रीनवर तीनच नावं नीट मावतात, असं या बदलाचं समर्थन अनेकांनी केलं, आणि त्यात तथ्य आहे. बहुतेक लोक शोधत होते ते मोबाइलवरच. सात नावांची यादी अंगठ्याने खाली सरकवणं लोकांना आवडत नव्हतं, हेही पटण्यासारखं आहे. पण चौथ्या ते सातव्या जागेवर कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. मोठ्या शोरूमला ती जागा नकोच होती. त्या जागेवर होता एकट्याच्या बळावर चालणारा कारागीर, ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा नव्हता आणि ज्याला आठवड्यातून दोन फोन आले तरी पुरत होते. सातावरून तीनवर येताना कात्री नेमकी त्याच्यावर चालली. वर २०१६ पासून नकाशाच्या निकालांत जाहिरातींनाही जागा मिळू लागली. पडद्याच्या मापाचं कारण मला आजही अर्धंच वाटतं.

त्याहून मोठा परिणाम झाला तो ‘नंबर’ या शब्दावर. ही यादी प्रत्येकाला वेगळी दिसते. नकाशातल्या निकालांसाठी गूगल स्वतः तीन कसोट्या सांगतं: शोधाशी संबंध, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची ख्याती. यातली मधली कसोटी एजन्सीच्याही हातात नाही आणि दुकानदाराच्याही. धरमपेठेत उभं राहून ‘टेलर’ शोधलं तर एक तीन नावं, वर्धा रोड ओलांडून मनीषनगरात गेलं तर दुसरी तीन. जरीपटक्यात तिसरीच. यादी सातची होती तेव्हा चांगलं दुकान लांबून शोधणाऱ्यालाही पाचवं-सहावं म्हणून दिसून जाई, त्यामुळे ‘आपण यादीत आहोत’ हे वाक्य निम्म्या शहरासाठी खरं ठरायचं. तीनच्या यादीत ते काही मोहल्ल्यांपुरतं उरलं. म्हणजे शहराचा असा एक पहिला नंबर शिल्लकच राहिला नाही, आणि नेमक्या त्याच वर्षांत ‘पहिल्या नंबरची हमी’ देणारे फलक चौकाचौकांत वाढले. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. ते मार्गदर्शन मराठीत छापून प्रत्येक व्यापारी संघटनेच्या फळ्यावर लावायला हवं होतं.

हमी पाळण्यासाठी मग एक सोपा रस्ता निघाला: दुकानाच्या नावातच धंदा आणि परिसर घालायचा. पाटीवर फक्त आडनाव, नकाशावर मात्र आडनावापुढे ‘बेस्ट एसी रिपेअर इन धरमपेठ नागपूर’. नियम असा की प्रत्यक्ष पाटीवर असेल तेच नाव लिहावं. पण नावातल्या शब्दांना वजन मिळत होतं, म्हणून नियम पाळणारा मागे पडायचा. कुणी तक्रार केली की एखादं प्रोफाइल बंद व्हायचं, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षं जमवलेले रिव्ह्यूही दिसेनासे व्हायचे. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गूगलने स्थानिक निकालांतल्या कसोट्यांचं वजन पुन्हा बदललं. अंतराचा भार वाढला आणि फुगवलेल्या नावांचा फायदा बराच उतरला, असं या क्षेत्रातल्या निरीक्षकांनी नोंदवलं. त्यांनीच २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट टिपली होती: एकाच इमारतीत एकाच धंद्याची अनेक दुकानं असली तर त्यातली काही गाळली जातात. गांधीबागेतलं कापड मार्केट ज्याने पाहिलं आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एका जिन्यावर साडीचे डझनभर ठोक व्यापारी, सगळ्यांचा पत्ता जवळपास एकच. बाजार म्हणून एकत्र बसणं ही पिढ्यान् पिढ्यांची ताकद होती. नकाशाने तीच अडचण करून ठेवली.

मोबाइलबद्दल थोडक्यात. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट उघडणाऱ्या पानांना मोबाइलच्या निकालांत झुकतं माप मिळू लागलं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये स्वस्त फोर-जी आलं आणि गिऱ्हाईक खरोखर त्या पडद्यावर आलं. २०१८ पासून गूगल वेबसाइटची मोबाइल आवृत्तीच आधी वाचू लागलं. त्याच वर्षी जुलैपासून एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या पानावर गूगलचा क्रोम ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असं दाखवायला लागला आणि घाबरलेल्या दुकानदारांकडून त्या जोडणीला लागणाऱ्या सर्टिफिकेटच्या नावाने वाटेल तेवढी रक्कम घेतली गेली, जेव्हा मोफत सर्टिफिकेट उपलब्ध होतं. २०२१ मध्ये पान किती लवकर उघडतं आणि उघडताना किती हलतं, याची मापं आली. तीही महत्त्वाची, पण जवळचा, चांगल्या रिव्ह्यूंचा आणि नीट माहिती भरलेला दुकानदार केवळ वेगाच्या गुणांवरून मागे पडला असं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

रिव्ह्यूंचा बाजारही याच काळात भरला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक आयएस १९००० आलं, पण ते ऐच्छिक. विकत घेतलेले पन्नास रिव्ह्यू एका रात्रीत उडताना पाहिल्यावर दुकानदाराच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मानकात लिहिता येत नाही.

दुसरीकडे, वेबसाइट हवीच कशाला, असा एक विचार मधल्या काळात चांगलाच फोफावला. त्याला कारण होतं. २०१७ मध्ये गूगलने दुकानाच्या नोंदणीतूनच एका पानाची मोफत वेबसाइट देऊ केली. डोमेनचा (वेबसाइटच्या स्वतःच्या पत्त्याचा) खर्च नाही, होस्टिंग नाही, पाच-दहा मिनिटांत तयार. महालातल्या मिठाईवाल्यापासून घरगुती डबे देणाऱ्या ताईंपर्यंत कित्येकांची ती पहिली वेबसाइट. त्यांच्यासाठी ते खरंच मोठं दार होतं, हे नाकारून चालणार नाही. त्यांनी तो पत्ता विश्वासाने व्हिजिटिंग कार्डावर छापला, संत्रा बर्फीच्या डब्यांवर छापला. २०२४ च्या मार्चमध्ये ही पानं बंद झाली. त्या पत्त्यावर गेलेलं गिऱ्हाईक १० जूनपर्यंत दुकानाच्या प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, त्यानंतर पत्ता मेला. त्या पानांवर सात वर्षांत साचलेली ओळख स्वतःच्या डोमेनवर नेण्याची सोय नव्हती. ज्यांनी २०१७ मध्येच वर्षाला हजार रुपयांच्या आसपासचं स्वतःचं डोमेन घेतलं होतं, त्यांच्या डब्यांवरचा पत्ता अजून उघडतो.

पाठोपाठ २०२४ च्या ऑगस्टमध्ये शोधाच्या वरच एआयने तयार केलेली उत्तरं भारतात इंग्रजी आणि हिंदीत दिसू लागली. मराठी पहिल्या खेपेत नव्हती. नागपुरात बराच शोध हिंदीत किंवा रोमन अक्षरांत होतो, त्यामुळे फरक लगेच जाणवला. ‘सोफ्याचं कापड कोणतं टिकतं’ असल्या प्रश्नाचं उत्तर वरच मिळतं आणि त्यासाठी लिहिलेल्या लेखावर कुणी येईनासं होतं. ‘माझ्या जवळ सोफा रिपेअर’ विचारलं की मात्र अजून तीच तीन नावं आणि नकाशा.

करारांची भाषा त्यामुळे हळूहळू बदलते आहे. माझ्यासमोर आलेल्या अलीकडच्या दोन-तीन करारांत ‘पहिला नंबर’ नव्हता. प्रोफाइलच्या अहवालातले महिन्याचे कॉल आणि रस्ता विचारणाऱ्यांची संख्या मोजायची असं ठरलं होतं. एकात तर तपासणी कुठून करायची तेही लिहिलं होतं: धरमपेठ, मनीषनगर आणि जरीपटका, तिन्ही ठिकाणी दुकानदाराने स्वतः उभं राहून, आपल्या खात्यातून लॉगआउट करून, आणि एजन्सीचा माणूस शेजारी.