जकात नाक्यापासून जीएसटीपर्यंत : सांगली-साताऱ्यातील करांची पार्श्वभूमी

सांगलीच्या गणपती पेठेतील एखाद्या किराणा दुकानाच्या गल्ल्याखालचा खण उघडला, तर तीन वेगवेगळ्या कागदांची चळत हाती लागते. महापालिकेच्या घरपट्टीचे बिल, व्यवसाय कराचे चलन आणि जीएसटीच्या विवरणपत्राची छापील प्रत असे ते तीन कागद होत. त्यातले घरपट्टीचे बिल नीट वाचले, तर सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर यांच्या खाली शिक्षण कर आणि रोजगार हमी कर अशा आणखी दोन ओळी दिसतात. या शेवटच्या दोन ओळींतली रक्कम महापालिका वसूल करते, पण ती महापालिकेची नसते. ती राज्य शासनाकडे भरायची असते. एकाच बिलात दोन धन्यांचे पैसे का, असा प्रश्न दुकानदाराला पडतो आणि तो रास्त आहे. हे कर कुणी एका बैठकीत बसून आखलेले नाहीत. प्रत्येक ओळ वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेतून आली आणि जुनी ओळ पुसून टाकण्याचे प्रसंग फार थोडे आले.

जकात आणि मोहतर्फा हे दोन शब्द या भागात इंग्रजी अमलाच्या आधीपासूनचे आहेत. वाटेने जाणाऱ्या आणि पेठेत उतरणाऱ्या मालावर जकात होती, तर दुकानदार, कारागीर, विणकर यांच्या धंद्यावर मोहतर्फा. आजच्या भाषेत सांगायचे तर पहिला कर मालावरचा आणि दुसरा व्यवसायावरचा. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ साली गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात खालसा झाले आणि तो मुलूख मुंबई इलाख्यात गेला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने मात्र पुढे शंभर वर्षे आपापल्या कारभाराने चालली. त्यामुळे कृष्णाकाठच्या एका गावाला इलाख्याचा कायदा आणि शेजारच्या गावाला संस्थानचा, अशी स्थिती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आजच्या सांगली जिल्ह्यातले काही तालुके जुने इलाख्याचे आणि काही संस्थानी, हे लक्षात ठेवले म्हणजे जुन्या दप्तरांत शेजारशेजारच्या गावांचे करांचे तपशील एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा उलगडा होतो.

खालसा मुलखात नगरपालिका लवकर आल्या. १८५० च्या कायद्याने गावकऱ्यांना नगरपालिका मागून घेण्याची मुभा दिली आणि साताऱ्यात १८५३ साली, कऱ्हाडात १८५५ साली नगरपालिका झाल्या. दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणी यांसाठी पैसा हवा होता. तो घरांवर पट्टी बसवून आणि शहरात येणाऱ्या मालावर जकात घेऊन उभा करायचा, ही रीत तेव्हापासून रुळली. यांपैकी घरपट्टी वसूल करणे नेहमीच कटकटीचे ठरले, कारण ती घरमालकाच्या खिशातून थेट जाते आणि तोच मतदारही असतो. जकात मात्र व्यापारी भरतो आणि मालाच्या किमतीत मिळवतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढची दीडशे वर्षे नगरपालिका जकातीला का चिकटून राहिल्या, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

ग्रामीण भागात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा उपकर, घेतला जाऊ लागला. त्यातला दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांवर आणि एक तृतीयांश शिक्षणावर खर्चायचा होता. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, त्या जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे नेमके यावरच बोट ठेवले. पैसा शेतकऱ्याचा आणि शाळा भलत्याचीच, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. कर कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा प्रश्न या भागातल्या माणसाने तेव्हाच विचारला होता, एवढी नोंद येथे पुरे.

विक्रीकर त्या मानाने अलीकडचा. मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा १ ऑक्टोबर १९४६ पासून लागू झाला, म्हणजे सांगली संस्थान विलीन होण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्याच्या तोंडावर, १ जानेवारी १९६० पासून १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला आणि तो ४५ वर्षे टिकला. सांगलीच्या व्यापाऱ्याला त्याबरोबर १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याशीही नाते ठेवावे लागले, कारण कर्नाटकाची हद्द मिरजेच्या दाराशी आहे. अथणी किंवा विजापूरच्या गिऱ्हाइकाला सवलतीच्या दराने माल द्यायचा, तर त्याच्याकडून सी फॉर्म, म्हणजे खरेदीदाराने द्यायचे प्रमाणपत्र, मिळवायचा. फॉर्म आला नाही तर फरकाचा कर विकणाऱ्याच्या गळ्यात पडे. जुन्या मुनिमांच्या बोलण्यात आजही कराच्या दरापेक्षा सी फॉर्मच्या पाठपुराव्याची कथा अधिक रंगते.

आता खणातल्या दुसऱ्या कागदाकडे वळू. व्यवसाय कराचे चलन वर्षाला २,५०० रुपयांचे असते आणि बहुतेक दुकानदार ते ‘पीटी’ म्हणून भरून मोकळे होतात. या कराचे मूळ सांगली जिल्ह्यातच आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे हे याच जिल्ह्यातले. दुष्काळी भागातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचे आणि त्या कामातून पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते उभे करायचे, ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली आणि १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तिची निकड साऱ्या राज्याला पटली. प्रश्न पैशाचा होता. तो सोडवण्यासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी कमावत्या हाताने रिकाम्या हाताला काम द्यावे, असा त्यामागचा हिशेब होता. शहरांतल्या निवासेतर इमारतींवर रोजगार हमी कर बसला, विक्रीकरावर आणि इतर काही करांवर अधिभार आले आणि या करांतून जितकी रक्कम जमा होईल तितकीच शासनाने आपल्याकडून घालायची, असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासूनची, म्हणजे कर आधी आला आणि कायदेशीर हमी नंतर.

गणपती पेठेतला दुकानदार अशा रीतीने एकाच योजनेसाठी दोन वाटांनी पैसे देतो, एक घरपट्टीच्या बिलातून आणि दुसरा चलनातून. घराच्या बिलात रोजगार हमी कराची ओळ नसते आणि दुकानाच्या बिलात असते, त्याचे कारण हेच. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेनेच ठरवलेली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती आणि १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. तेव्हापासून ती तिथेच आहे, त्यामुळे महागाईचा विचार केला तर हा कर प्रत्यक्षात दरवर्षी हलका होत आला आहे. पगारदाराच्या पावतीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये का कापले जातात, याचे कोडेही अकरा महिन्यांचे २,२०० आणि शेवटचे ३०० यांची बेरीज केली की सुटते.

जकातीचा शेवट मात्र सरळ झाला नाही. राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९९ पासून नगरपालिकांची जकात रद्द केली आणि बदल्यात अनुदान सुरू केले. सातारा आणि कऱ्हाड या नगरपालिका असल्याने तिथले नाके उठले. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मात्र फेब्रुवारी १९९८ मध्येच मिळून महापालिका झाली होती आणि महापालिकांना ही सूट नव्हती. त्यामुळे कृष्णेच्या पलीकडे जयसिंगपुरात नाका नाही आणि अलीकडे सांगलीत आहे, असे चित्र उभे राहिले. महापालिका होण्याचा मान सांगलीकरांना असा महागात पडला, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे असले तरी बिनबुडाचे नव्हते.

नाक्यावरचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ट्रकची रांग, पावतीपुस्तक, मालाच्या किमतीवरून होणारी घासाघीस आणि शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाच्या पासची वेगळी खिडकी हे सारे आठवत असेल. या सगळ्याला पर्याय म्हणून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणला गेला. काही महापालिकांत तो २०१० पासूनच आला आणि २०१३ मध्ये, मुख्यमंत्रिपदी कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण असताना, सांगलीसह अनेक शहरांत पसरला. कल्पना अशी होती की नाका नको, व्यापाऱ्याने शहराच्या हद्दीत आणलेल्या मालाचा हिशेब आपल्या वहीत ठेवावा आणि कर स्वतः भरावा. कागदावर ही सुधारणाच होती. व्यापाऱ्यांचा विरोध दराला कमी आणि वहीला अधिक होता, कारण विक्रीकर खाते आधीच वह्या तपासत असताना आता महापालिकेचे कर्मचारीही त्याच वह्या मागणार होते. राज्यभर बंद पाळले गेले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला आणि जीएसटीबरोबर उरलेलाही गेला.

मूल्यवर्धित कराकडे, म्हणजे व्हॅटकडे, इथे थोडक्यात पाहणे भाग आहे. १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराची जागा व्हॅटने घेतली, त्या वेळी राज्याचे अर्थमंत्री वाळवा तालुक्याचे जयंत पाटील होते. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सवय, ज्याला व्यापारी ‘सेट ऑफ’ म्हणतात, ती व्हॅटने लावली. त्यामुळे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा तत्त्व नवे नव्हते. नवे होते ते संगणकावरचे विवरणपत्र आणि समोरच्याने आपले विवरणपत्र भरले नाही तर आपली वजावट अडकण्याचा धोका. लहान व्यापाऱ्यासाठी मर्यादाही बदलत गेल्या. वस्तू विकणाऱ्याला सुरुवातीला २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागे, ती मर्यादा एप्रिल २०१९ पासून ४० लाख झाली. सेवा देणाऱ्याला ती २० लाखच राहिली. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन नावाची सोपी योजना घेऊन उलाढालीवर १ टक्का भरता येतो, पण मग सेट ऑफ मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. मिरजेच्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक कर्नाटकात असेल, तर ही दुसरी अट पहिलीपेक्षा जड जाते.

जीएसटीने महापालिकेची तिजोरी कशी बदलली, हा भाग चर्चेत कमी येतो, पण रहिवाशाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शहरात माल आणण्यावर कर लावण्याचा अधिकारच घटनादुरुस्तीने संपला. त्याच्या बदल्यात राज्याच्या २०१७ च्या कायद्याने महापालिकांना भरपाई ठरवली, तिचा आधार २०१६-१७ हे वर्ष आणि वाढ दरवर्षी ८ टक्के. म्हणजे सांगलीची बाजारपेठ एखाद्या वर्षी दुप्पट चालली किंवा पुराने दोन महिने बंद राहिली, तरी शहराच्या हिश्श्याचा आकडा सूत्राप्रमाणेच येणार. स्थैर्य मिळाले, पण शहराची भरभराट आणि शहराची तिजोरी यांचे नाते तुटले. महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो घरपट्टीचा, आणि म्हणून अलीकडे तिच्यावरचा भर वाढला आहे. हे बिल सहामाही असते. मुदत उलटली की थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, आणि वर्षभर बिल खणात पडून राहिले तर ही रक्कम चांगलीच जाणवते.

नगरपालिकांच्या शहरांत घरपट्टीच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, आकारणीची नोटीस आली की हरकतींची गर्दी होते. ग्रामपंचायतींत पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर पट्टी होती. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर बसू लागली. घराची नोंद मात्र अजूनही ‘नमुना आठ’ या ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीच्या उताऱ्यावरच पाहिली जाते.

एक कर या सगळ्या स्थित्यंतरातून सुटून जुन्याच जागी राहिला आहे. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यावर राज्याचा व्हॅट चालूच आहे. गणपती पेठेतून विट्याला किंवा जतला माल पोचवणाऱ्या टेम्पोच्या टाकीत जे डिझेल पडते, त्यावर भरलेल्या कराचा सेट ऑफ दुकानदाराला जीएसटीच्या विवरणपत्रात घेता येत नाही. तो भाड्यात मिळवला जातो आणि तिथून साखरेच्या, डाळीच्या दरात उतरतो.