पहिला आकडा

८ सप्टेंबर १९०० च्या रात्री अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या गॅल्व्हेस्टन बेटावर हरिकेन, म्हणजे मोठं चक्रीवादळ, आदळलं. सकाळ झाली तेव्हा मुख्य भूमीकडे जाणारे पूल वाहून गेले होते, तारायंत्र बंद पडलं होतं. शेवटी सहा जण एका छोट्या बोटीतून खाडी ओलांडून गेले आणि त्यांनी बाहेरच्या जगाला कळवलं की अंदाजे ५०० माणसं दगावली. हा आकडा जरा जास्तच झाला, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे मोजदाद झाली ती ६ हजारांच्या वर. बहुतेक जण ८ हजार धरतात. अमेरिकेच्या इतिहासात कुठल्याही नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं गेलेली नाहीत.

बातमी फुटली तशी देशभरातून मदत आली. रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन ७८ व्या वर्षी स्वतः तिथे पोचल्या. अन्न आणि कपडे वाटणं तर झालंच, पण मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट: पिकं गमावलेल्या शेतकऱ्यांना रेड क्रॉसने स्ट्रॉबेरीची दहा लाखांहून जास्त रोपं दिली. पुढच्या हंगामाचा विचार त्यांनी तेव्हाच केला होता.

१९६१ च्या कार्ला वादळात टीव्हीवर रडारचं चित्र दिसलं आणि येणारं संकट लोकांनी घरबसल्या पाहिलं. हळहळणारे वाढले, मदतीचा ओघही वाढला. मात्र काय पाठवायचं, याचं भान सुटत गेलं. १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास आणि निकाराग्वात मिळून दहा हजारांवर बळी घेतले. तेव्हा होंडुरासमध्ये धावपट्टीवर दानात आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि त्यामुळे गरजेचं सामान घेऊन आलेल्या विमानाला उतरता येईना. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

२०१७ मध्ये पोर्टो रिकोत मारिया वादळाचा अधिकृत मृत्यूंचा आकडा ६४ होता. वर्षभराने, एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, सरकारने तो २,९७५ केला. सगळे काही वाऱ्यापाण्याने गेले नव्हते. वीज नव्हती, औषधोपचार मिळत नव्हते, त्यातच महिनोन्‌महिने माणसं जात राहिली. काही घरांत दिवे लागायला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर कॅमेरे कधीच निघून गेले होते. तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा द्या, असं मदतकार्यातले लोक सांगतात ते यासाठी.