नोकरी गेल्यावरचे ६० दिवस आले कुठून

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या मुलाची अमेरिकेतली नोकरी गेली. फोन आला तेव्हा दापोलीच्या घरी सगळे बसलेले, कोणी पगाराचं विचारतंय, कोणी घरभाड्याचं, आणि मावशीने मात्र एकच विचारलं, "मग आता तिथे किती दिवस राहू देतायत त्याला?" तिला ते सुचलं कारण काका बारा वर्षं कुवेतला होते, नोकरी आणि राहायची परवानगी एकाच दोरीला बांधलेली असते हे तिने तेव्हाच बघितलेलं. पोराने सांगितलं, ६० दिवस. मावशीने कालनिर्णयवर तारखेला गोल केला. हे ६० दिवस कोणी ठरवले, कधी ठरवले, ते मी त्या रात्रीपासून वाचत बसलोय, आणि खेड-चिपळूणपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत गावोगाव कोणी ना कोणी बाहेर आहे म्हणून इथे लिहितोय.

आपल्याकडचा जुना अनुभव गल्फचा. १९७३ ला तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामं निघाली, माणसं लागायला लागली, आणि १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईचा आधार तुटल्यावर आपली बरीच पोरं तिकडेच वळली. तिथली पद्धत कफालाची. कफील म्हणजे तुमचा जामीन, आकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्या जोरावर, त्याने कॅन्सल केला की तुमचं त्या देशातलं राहणंच संपलं आणि दुसरीकडे कामाला लागायचं तर रिलीजही त्याच्याकडूनच मागायची. काकांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा कंपनी एका दिवसात बंद, पगार बुडाला, काका इराकमधून रस्त्याने जॉर्डनमध्ये अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे परत आणले गेले.

गल्फमध्ये ही दोरी सैल व्हायला फार वर्षं लागली. बहरीनने २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली, कतारने २०२० मध्ये, आणि ओमानमध्ये तर एनओसी नसेल तर दोन वर्षं परत येताच यायचं नाही असा नियम होता, ती एनओसी १ जानेवारी २०२१ पासून गेली. यूएईत व्हिसा कॅन्सल झाल्यावर पूर्वी साधारण ३० दिवस मिळायचे, ऑक्टोबर २०२२ च्या नवीन नियमांनी ते वाढले, काही प्रकारच्या व्हिसांना १८० दिवसांपर्यंत.

आता अमेरिका. काका परत आले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, तिकडे नवा इमिग्रेशन कायदा झाला आणि त्यातून आजचा एच-१बी, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा व्हिसा, निघाला. एच हा व्हिसांचा गट १९५२ च्या कायद्यापासूनच होता, १९९० मध्ये त्यातून हा वेगळा वर्ग झाला, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा आली, आणि अर्ज कंपनीनेच करायचा. म्हणजे इथेही जामीन मालकच, फक्त कपाटात पासपोर्ट नाही. त्या कायद्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. मुदतीआधी कंपनीने कामावरून काढलं तर त्या माणसाच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा, बायकोपोरांचा नाही, फक्त त्याचा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर काय होतं ते यात दिसतं, काम संपलं की माणूस बॅग उचलून घरी जाणार, त्याने तिथे घर मांडलेलं असेल, पोरं शाळेत असतील हे धरलेलंच नाही. म्हणून सवलतीचा एक दिवससुद्धा नव्हता.

ऑक्टोबर २००० मध्ये दुसरा कायदा आला, त्याने पोर्टिंग दिलं, म्हणजे नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न बघता तिथे काम सुरू करता येतं. पण त्यासाठी तुम्ही स्टेटसमध्ये, म्हणजे तिथे राहायच्या कायदेशीर हक्कात, असायला हवं, आणि नोकरी गेली की स्टेटस त्याच दिवशी गेलं, मग पोर्टिंग करणार कशावर? लगेच पुढच्या वर्षी डॉटकॉमच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या, पडझडीत नोकऱ्या गेल्या आणि हजारो लोक नेमके या फटीत सापडले. अधिकाऱ्याने मधल्या दिवसांकडे दुर्लक्ष केलं तर ठीक, नाहीतर बाहेर जाऊन परत यायचं. लोक कंपनीकडे आणखी दोन-तीन आठवडे पगारपत्रकावर ठेवा म्हणून विनवण्या करायचे.

ही फट बुजली ती थेट १७ जानेवारी २०१७ ला, नोव्हेंबर २०१६ मध्ये काढलेला नियम त्या दिवशी लागू झाला. सलग ६० दिवस किंवा आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची राहायची शेवटची तारीख, यातलं जे आधी येईल तोपर्यंत राहता येतं, आणि एका मंजूर मुदतीत एकदाच. एल-१, ओ-१ अशा दुसऱ्या कामाच्या व्हिसावाल्यांनाही तेच. काम करायचं नाही. मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, साधारणपणे पगाराचा शेवटचा दिवस धरतात, एकरकमी सेव्हरन्स, म्हणजे काढताना दिलेली भरपाई, मिळाली म्हणून दिवस वाढत नाहीत. आणि एक गोष्ट आमच्या घरातही उलटी समजली गेली होती, ६० दिवसांत नवीन मंजुरी हातात यायला लागत नाही, नवीन अर्ज दाखल झालेला पाहिजे.

त्याच नियमाने ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, रांगेतल्यांनाही थोडा आधार दिला. १९९० च्याच कायद्यात दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबत गेली, आणि नोकरी गेली की रांगेतली जागा जाईल ही भीती. आता आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही.

बाकी वाटा जुन्याच. नवरा किंवा बायको एच-१बीवर असेल तर जोडीदाराचा एच-४, शिकायचं असेल तर विद्यार्थ्यांचा एफ-१, नाहीतर पाहुण्यांच्या बी-२ चा अर्ज. बी-२ वर राहून नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात हे तिथल्या इमिग्रेशन खात्याने २०२३ च्या मोठ्या नोकरकपातीच्या वेळी स्पष्ट केलं, काम मात्र नवीन स्टेटस मिळाल्यावरच. घरी परत यायची वाटही पूर्वी एवढी वाईट नव्हती, कारण एच-१बीच्या एकूण सहा वर्षांतली उरलेली वर्षं नंतर, नव्या अर्जदारांना लागते त्या लॉटरीशिवाय, वापरता येतात. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून, देशाबाहेर असलेल्या आणि चालू व्हिसा नसलेल्या माणसासाठी नवीन अर्ज करायचा तर कंपनीला १ लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला, सुरुवातीला १२ महिन्यांसाठी. मला यात सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, कारण ज्याचा व्हिसा संपत आलाय त्याने घाबरून विमान पकडलं की परतीचं दार एवढं महाग होऊन बसतं.

आमच्या पोराची बायको स्वतःच्या एच-१बीवर आहे. एच-४ चा अर्ज भरून तयार ठेवलाय, ५० व्या दिवसापर्यंत नव्या कंपनीचा अर्ज गेला नाही तर तो टाकायचा असं दोघांनी ठरवलंय, आणि मावशीने कालनिर्णयवर त्या तारखेलाही वेगळ्या पेनाने गोल केलाय.